जर्मनीची युरोपूर्वीची मार्क नाणी : ओळख आणि किंमत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

घरातल्या जुन्या डब्यात किंवा परदेशी राहून आलेल्या नातेवाइकांच्या सामानात सापडलेल्या जर्मन नाण्यांबद्दल वाचक सातत्याने जे प्रश्न पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. सर्वाधिक प्रश्न एक मार्काच्या नाण्याविषयी असल्यामुळे सुरुवात त्याच्यापासून केली आहे. त्याच्याशी गल्लत होणारी इतर नाणी पुढे घेतली आहेत.

१. माझ्याकडे ‘डॉइच मार्क’ असे लिहिलेले नाणे आहे. ते कोणत्या देशाचे आणि कोणत्या काळातले आहे?

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीच्या पश्चिमेकडील तीन विभागांमध्ये जून १९४८ मध्ये नवे चलन आले, तेच डॉइच मार्क होय. पुढे १९४९ मध्ये स्थापन झालेल्या पश्चिम जर्मनीचे, आणि १९९० मध्ये एकीकरण झाल्यानंतर संपूर्ण जर्मनीचे हे चलन २००१ च्या अखेरीपर्यंत चालू राहिले. एका मार्काचे शंभर फेनिग होत. नाण्यावर गरुड आणि ‘बुंडेसरेपुब्लिक डॉइचलांड’ ही अक्षरे असतील, तर ते याच चलनातले आहे. ‘डॉइच मार्क’ हे शब्द असूनही नाणे अगदी हलके आणि पांढुरके असेल, तर ते पूर्व जर्मनीचे असू शकते (प्रश्न १४ पाहा).

२. एक मार्काचे नाणे खात्रीने कसे ओळखावे?

त्याच्या एका बाजूला पंख पसरलेला गरुड असून दुसऱ्या बाजूला मोठा आकडा १, त्याच्या दोन्ही अंगांना ओकची पाने आणि खाली साल असते. नाण्याचा व्यास २३.५ मिलिमीटर आणि वजन ५.५ ग्रॅम आहे. धातू म्हणजे पंचाहत्तर टक्के तांबे आणि पंचवीस टक्के निकेल यांचे मिश्रण, जे दिसायला चांदीसारखे असले तरी त्यात चांदीचा अंशही नाही. कडेवर अक्षरे नसतात, वेलबुट्टीसारखी खोलवर नक्षी असते. लोहचुंबक या नाण्याला चिकटत नाही. म्युनिकचे शिल्पकार योसेफ बेर्नहार्ट यांनी घडवलेली ही रचना १९५० पासून २००१ पर्यंत जवळजवळ जशीच्या तशी राहिली, त्यामुळे नुसते चित्र पाहून नाण्याचे दशकही सांगता येत नाही; साल वाचावेच लागते.

एक लहानशी खूण उपयोगी पडते. १९५० नंतर एक मार्काची नाणी थेट १९५४ सालची आहेत. मधल्या तीन वर्षांचे साल असलेले एक मार्काचे नाणे कोणी दाखवले, तर आकडा पुन्हा भिंगाखाली पाहावा किंवा नाणे प्रश्न ८ मधील दोन मार्काचे तर नाही ना, हे तपासावे.

३. नाण्यावर एकच छोटे रोमन अक्षर दिसते. त्याचा अर्थ काय?

ते टाकसाळीचे चिन्ह आहे. डी म्हणजे म्युनिक, एफ म्हणजे श्टुटगार्ट, जी म्हणजे कार्ल्सरूह आणि जे म्हणजे हँबुर्ग. बर्लिनच्या टाकसाळीचे ए हे अक्षर डॉइच मार्कावर १९९० पासून दिसू लागते, कारण त्याआधी ती टाकसाळ पूर्व जर्मनीकडे होती. एक मार्कावर हे अक्षर गरुडाच्या बाजूला, शेपटीच्या खाली असते, तर फेनिगच्या नाण्यांवर ते मूल्याच्या बाजूला असते.

किंमत विचारताना पुष्कळ वाचक फक्त साल कळवतात. मात्र जर्मन नाण्याच्या बाबतीत साल आणि अक्षर ही जोडी मिळूनच नाण्याची ओळख पूर्ण होते. त्याच सालचे ‘जे’ अक्षराचे नाणे दर्शनी मूल्याला विकले जाते आणि ‘जी’ अक्षराच्या नाण्यासाठी संग्राहक रांग लावतात, असे खरोखर घडते. छायाचित्र पाठवताना दोन्ही बाजू आणि कड स्पष्ट दिसेल अशी तिन्ही छायाचित्रे पाठवावीत.

४. हे नाणे आज जर्मनीत चालते का? बदलून युरो मिळतात का?

दुकानात चालत नाही. मार्काची कायदेशीर मान्यता ३१ डिसेंबर २००१ रोजी संपली. व्यापाऱ्यांनी स्वेच्छेने २८ फेब्रुवारी २००२ पर्यंत तो स्वीकारला. परंतु जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेच्या, म्हणजे बुंडेसबांकच्या, शाखांमध्ये मार्कातली चलनी नाणी आणि नोटा आजही कोणत्याही मुदतीविना आणि शुल्काविना बदलून मिळतात. दर कायमचा ठरलेला आहे : १ युरो म्हणजे १.९५५८३ मार्क. अद्याप सुमारे १२ अब्ज मार्क परत आलेले नाहीत, यावरून किती घरांतल्या खणांमध्ये ते पडून असतील याचा अंदाज यावा.

ही सोय नेहमीच्या व्यापारी बँकांमध्ये नाही, आणि भारतातील कोणतीही बँक ही नाणी घेत नाही. बुंडेसबांक टपालानेही विनिमय करते. तथापि मूठभर नाण्यांसाठी भारतातून टपालखर्च आणि परकीय रक्कम खात्यात जमा होताना लागणारे शुल्क मिळणाऱ्या रकमेपेक्षा जास्त होते. नाणी बरीच असतील, तर पुण्या-मुंबईहून शिक्षणासाठी किंवा नोकरीनिमित्त जर्मनीला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर ती पाठवणे अधिक शहाणपणाचे. म्युनिक, हँबुर्ग, बर्लिन, श्टुटगार्ट अशा शहरांमध्ये शाखा आहेत.

विनिमयाला काढण्यापूर्वी प्रश्न ७, ९ आणि ११ अवश्य वाचावेत. बँकेच्या खिडकीवर चांदीचे किंवा दुर्मीळ नाणे दिले, तरी दर्शनी मूल्याहून अधिक काही मिळणार नाही.

५. मग एका मार्काची किंमत रुपयांत किती होते?

ठरलेल्या दराने एका मार्काचे सुमारे ५१ सेंट होतात, म्हणजे साधारण पन्नास रुपये. वापरून झिजलेल्या, सर्वसाधारण सालाच्या नाण्याला संग्राहकांच्या बाजारातही याहून फारसे अधिक मिळत नाही. भारतात सुटे विकायला गेल्यास बहुधा कमीच मिळते, कारण विकत घेणाऱ्याला ते पुढे जर्मनीपर्यंत पोहोचवायचे असते. या पानावर येणाऱ्या दहापैकी नऊ नाण्यांचे उत्तर इथेच संपते.

६. नाण्यावर १९५० साल आहे. इतके जुने असूनही त्याला किंमत कशी नाही?

नाण्याचे वय आणि त्याची दुर्मीळता या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि जर्मन नाण्यांच्या बाबतीत १९५० हे साल तर अतिशय सर्वसामान्य आहे. नव्या राष्ट्राला एकाच वेळी सगळी सुटी नाणी हवी होती, म्हणून त्या सालची नाणी प्रचंड संख्येने पाडली गेली. त्याशिवाय पाच, दहा आणि पन्नास फेनिगच्या नाण्यांवर १९५० हेच साल पुढे कित्येक वर्षे तसेच ठेवले गेले आणि नवे साल १९६६ पासून येऊ लागले. त्यामुळे १९५० लिहिलेले दहा फेनिग प्रत्यक्षात १९६० च्या दशकात पाडलेले असणे सहज शक्य आहे. याला एकच मोठा अपवाद आहे, तो प्रश्न ११ मध्ये दिला आहे.

७. एक मार्काची कोणती नाणी खरोखर बाजूला काढून ठेवावीत?

१९५४ आणि १९५५ या सालांची जी अक्षराची नाणी सर्वप्रथम पाहावीत. झिजलेल्या अवस्थेतही त्यांना दर्शनी मूल्याच्या कितीतरी पट किंमत येते आणि न वापरलेल्या अवस्थेत ती शेकडो युरोंपर्यंत जाते. त्यानंतर १९५० च्या आणि १९६० च्या दशकांतली कोणत्याही टाकसाळीची, पण चलनात अजिबात न फिरलेली, मूळ चकाकी शाबूत असलेली नाणी येतात. त्या काळात लोकांनी नवे कोरे नाणे खर्च केले, जपून ठेवले नाही, म्हणून आज कोरे नाणे मिळणे कठीण झाले आहे. येथे किंमत दुर्मीळ सालाला नसून दुर्मीळ अवस्थेला आहे. अवस्था कशी पारखावी, ते प्रश्न १७ मध्ये आहे.

अखेरच्या काही वर्षांची गोष्ट उलट आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात नाण्यांचा पुरवठा भरपूर होता, म्हणून काही मूल्यांची नाणी फक्त संग्राहकांच्या बंद संचांसाठी पाडली गेली. १९९५ सालचे पाच मार्क हे त्याचे ठळक उदाहरण. असा संच मूळ प्लास्टिकच्या वेष्टनात असेल, तर त्यातून नाणी काढू नयेत. वेष्टन फोडताच त्याच्या किमतीचा मोठा भाग जातो.

८. माझे नाणे एक मार्कासारखेच दिसते, पण थोडे मोठे आहे आणि त्यावर २ आकडा आहे. ते बनावट आहे का?

नाही. १९५१ साली काढलेले ते पहिले दोन मार्काचे नाणे आहे. बेर्नहार्ट यांचीच रचना. फक्त ओकच्या पानांऐवजी गव्हाच्या ओंब्या आणि द्राक्षे आहेत. त्याचा व्यास २५.५ मिलिमीटर, म्हणजे एक मार्काहून केवळ दोन मिलिमीटर अधिक, आणि रंग तोच. लोकांची रोज फसगत होऊ लागल्यामुळे ते १९५८ मध्ये चलनातून काढून घेण्यात आले. मोठ्या संख्येने परत घेतलेले असल्याने चांगल्या स्थितीतल्या नाण्याला दर्शनी मूल्याच्या बऱ्याच पट किंमत येते.

त्याच्या जागी भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांक यांची मुद्रा असलेले, २६.७५ मिलिमीटर व्यासाचे नाणे आले, त्यावर १९५७ ते १९७१ ही साले आढळतात. १९६९ पासून पुढची दोन मार्काची नाणी राजकीय नेत्यांच्या मुद्रांची आहेत : कोनराड आडेनावर, थेओडोर हॉइस, कुर्ट शूमाखर, लुडविग एरहार्ड, फ्रान्स योसेफ श्ट्राउस आणि विली ब्रांट. ‘हा कोणता राजा?’ असे विचारले जाते, पण यांपैकी राजा कोणीही नाही. ही नाणी विपुल असून सर्वसाधारणपणे विनिमयमूल्यालाच जातात.

९. पाच मार्काचे नाणे चांदीचे असते असे ऐकले. माझे कसे ओळखावे आणि त्याची किंमत कशी काढावी?

१९५१ ते १९७४ या सालांचे पाच मार्काचे चलनी नाणे चांदीच्या मिश्रधातूचे आहे, १९७५ पासूनचे नाही. दोन्हींचा व्यास २९ मिलिमीटर असला तरी वजन वेगळे आहे : चांदीचे ११.२ ग्रॅम आणि नंतरचे १० ग्रॅम. सोनाराच्या काट्यावर हा फरक क्षणात कळतो. नंतरच्या नाण्याच्या गाभ्यात निकेल असल्यामुळे त्याला लोहचुंबक ओढतो, तर चांदीच्या नाण्याला ओढत नाही. रचनाही बदलली : १९७५ पासूनचा गरुड अधिक सुबक, रेखीव आणि चौकटीत बसवलेला आहे.

चांदीच्या नाण्यात शुद्ध चांदीचे प्रमाण ६२.५ टक्के आहे, म्हणजे नाण्यामागे बरोबर ७ ग्रॅम. त्या दिवशीचा चांदीचा ग्रॅममागचा भाव सातने गुणला की धातूचे मूल्य मिळते. सराफ मिश्रधातू गाळण्याची घट धरून काही कमीच देईल, हे गृहीत धरावे. तरीही मिळणारी रक्कम विनिमयाच्या अडीच युरोंपेक्षा बरीच अधिक असते, म्हणून हे नाणे बदलायला नेण्याचा विचारच करू नये. १ ऑगस्ट १९७५ पासून ते चलनातून बाद आहे.

धातूचे मूल्य ही तळाची किंमत झाली. १९५० च्या दशकातली साले त्याहून वर जातात आणि १९५८ सालचे जे अक्षराचे नाणे या मालिकेचा मुकुटमणी मानले जाते. त्याची केवळ ६०,००० नाणी पाडली गेली. झिजलेल्या नाण्यालाही शेकडो युरो येतात आणि कोऱ्या नाण्याची किंमत हजारांत जाते. साहजिकच त्याच्या नकलाही भरपूर आहेत. दुसऱ्या सालाचा शेवटचा आकडा खरवडून ८ केलेली नाणी पाहण्यात येतात. १९५६ चा ६ हा तर अशा कामासाठी जणू तयारच असतो. भिंगाखाली आकड्याच्या भोवतालचा पृष्ठभाग इतर भागापेक्षा खडबडीत किंवा अधिक चकचकीत दिसला, तर थांबावे.

१०. पाच किंवा दहा मार्कावर गरुडाऐवजी वेगळेच चित्र आहे. ते काय आहे?

ती स्मारक नाणी आहेत. पाच मार्काच्या स्मारक नाण्यांची सुरुवात १९५२ मध्ये न्यूर्नबर्गच्या जर्मन राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयाच्या शताब्दीनिमित्त झाली. हे पहिले नाणे आणि त्यानंतरची शिलर, बाडेनचे शासक मार्कग्राफ, आयशेनडॉर्फ व फिश्टे यांच्या स्मरणार्थ १९५५ ते १९६४ या काळात काढलेली चार नाणी, ही पाचही चांगल्या किमतीची आहेत. त्यानंतरची स्मारक नाणी मोठ्या संख्येने निघाल्यामुळे त्यांना धातूच्या मूल्याइतकाच भाव येतो. चांदीच्या पाच मार्काचा हिशेब प्रश्न ९ प्रमाणेच करावा. १९७९ मध्ये ओटो हान यांच्या नाण्याच्या वेळी चांदीचा भाव कडाडला आणि तेव्हापासून पाच मार्काच्या स्मारक नाण्यांतून चांदी गेली.

दहा मार्काची मालिका १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकने सुरू झाली. त्या ऑलिंपिक नाण्यांत प्रत्येकी १५.५ ग्रॅम वजन आणि सुमारे ९.७ ग्रॅम शुद्ध चांदी आहे. पहिल्या नाण्यावर खेळ ‘जर्मनीत’ असल्याचा उल्लेख होता. त्यावर पूर्व जर्मनीने हरकत घेतल्यावर पुढे ‘म्युनिकमध्ये’ असे कोरले गेले. ही गोष्ट सांगून पहिला प्रकार दुर्मीळ म्हणून विकला जातो, पण दोन्ही प्रकार विपुल आहेत.

११. पन्नास फेनिगवर रोपटे लावणारी बाई आहे. हे नाणे लाखो रुपयांचे असल्याचे वाचले, ते खरे का?

गुडघे टेकून ओकचे रोपटे लावणाऱ्या स्त्रीची ही मुद्रा शिल्पकार रिखार्ड मार्टिन वेर्नर यांनी केली आणि त्यासाठी त्यांच्या पत्नी गेर्डा आदर्श म्हणून बसल्या होत्या. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशाच्या पुनर्उभारणीचे ते चित्र आहे, आणि माझ्या मते मार्काच्या सर्व नाण्यांत देखणेपण यालाच आहे. परंतु ते विपुल आहे. १९७१ पर्यंतच्या नाण्यांची कड दातेरी आणि १९७२ पासूनची सपाट आहे. त्यावरून किमतीत फरक पडत नाही.

लाखांची नसली तरी शेकडो युरोंची गोष्ट एकाच नाण्याची आहे. १९४९ च्या नाण्यांवर, राष्ट्र स्थापन होण्यापूर्वीच तयारी झाल्यामुळे, ‘बांक डॉइचर लेंडर’ हे तत्कालीन मध्यवर्ती बँकेचे नाव आहे. १९५० पासून त्याऐवजी ‘बुंडेसरेपुब्लिक डॉइचलांड’ हे शब्द आले. कार्ल्सरूहच्या टाकसाळीत मात्र १९५० साल घालून जुन्याच शब्दांची ३०,००० नाणी पाडली गेली. म्हणजे तीन गोष्टी एकत्र हव्यात : साल १९५०, अक्षर जी, आणि बँकेचे नाव. १९४९ साल आणि बँकेचे नाव असलेले नाणे सर्वसामान्य आहे. १९५०, जी आणि राष्ट्राचे नाव असलेलेही सर्वसामान्यच. पाठवलेल्या छायाचित्रांत या तिन्हींपैकी दोनच गोष्टी जुळल्याचे जवळजवळ नेहमी आढळते.

१२. माझ्या नाण्यात तिन्ही गोष्टी जुळतात! आता काय करावे?

आनंद आवरावा आणि सालाकडे पुन्हा पाहावे. १९४९ च्या जी अक्षराच्या नाण्यावरचे ४ आणि ९ हे आकडे घासून ५ आणि ० केल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. आकड्यांची उंची शेजारच्या आकड्यांशी जुळते का, त्यांच्या मुळाशी ओरखडे किंवा डिंकासारखी रेघ दिसते का, हे किमान दहापट भिंगातून तपासावे.

एवढ्यावर भागत नाही, कारण येथे एक विलक्षण गुंतागुंत आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यास असे उघडकीस आले की कार्ल्सरूहच्याच टाकसाळीतील काही जणांनी हे नाणे आणि इतर काही दुर्मीळ नाणी बेकायदेशीरपणे नव्याने पाडली होती. ही नाणी टाकसाळीच्याच यंत्रांवर आणि साच्यांनी तयार झालेली असल्यामुळे नेहमीच्या खोट्या नाण्यांच्या कसोट्या त्यांना लागू पडत नाहीत. त्यामुळे तज्ज्ञाच्या लेखी निर्वाळ्याशिवाय हे नाणे विकत घेऊ नये, आणि आपल्याकडे असल्यास विकण्यापूर्वी तसा निर्वाळा घ्यावा. त्याचा खर्च सार्थकी लागतो.

१३. फेनिगची काही नाणी लोहचुंबकाला चिकटतात, काही नाहीत. चिकटणारी खोटी का?

उलट, बहुतेक खरी नाणी चिकटतातच. एक, पाच आणि दहा फेनिगचा गाभा पोलादाचा असून वर तांब्याचा किंवा पितळेचा मुलामा आहे. दोन फेनिगचे नाणे तेवढे वेगळे : ते प्रथम पूर्ण काशाचे होते, म्हणून चिकटत नाही, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस पोलादी गाभ्याचे झाले. संक्रमणाच्या त्या काळातले १९६७ सालचे जी अक्षराचे, लोहचुंबकाला चिकटणारे दोन फेनिग अवघ्या ५२० नगांत निघाले होते. प्रश्न १२ मध्ये सांगितलेल्या बेकायदा उद्योगात याचीही भर घातली गेली, तेव्हा तीच खबरदारी घ्यावी.

१४. माझे एक मार्क अगदी हलके आहे, ॲल्युमिनियमसारखे.

ते ॲल्युमिनियमचेच आणि पूर्व जर्मनीचे आहे. २५ मिलिमीटर व्यासाच्या या नाण्याचे वजन जेमतेम अडीच ग्रॅम भरते आणि त्यावर हातोडा व कंपास यांचे चिन्ह असते. १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या नाण्यांवर ‘डॉइच मार्क’ असेच शब्द असल्याने वाचकांचा गोंधळ होतो. नंतरच्या नाण्यांवर नुसते ‘मार्क’ आहे. पूर्व जर्मनीत १ जुलै १९९० रोजी पश्चिमेचा मार्क लागू झाला. तिथली नाणी आता कोणतीही बँक बदलून देत नाही; त्यांना संग्राहकांकडून मिळेल तेवढीच किंमत.

१५. पिवळेधमक, सोन्यासारखे एक मार्क मिळाले आहे. ते सोन्याचे असू शकते का?

असू शकते, पण शक्यता कमी आहे. मार्काला निरोप देताना बुंडेसबांकने २००१ मध्ये एक मार्काचे सोन्याचे नाणे काढले. पाचही टाकसाळींमध्ये मिळून दहा लाख नाणी तयार झाली, सोन्याची शुद्धता ९९९.९, व्यास नेहमीच्याच नाण्याइतका २३.५ मिलिमीटर आणि वजन मात्र १२ ग्रॅम. त्याच सुमारास साध्या एक मार्कावर सोन्याचा पातळ मुलामा देऊन आठवण म्हणून विकण्याचा धंदाही तेजीत आला, आणि भारतात पोहोचलेली पिवळी नाणी बहुतांशी त्या प्रकारातली असतात.

पारख सोपी आहे. साधे मुलामा दिलेले नाणे साडेपाच ग्रॅमच भरणार, सोन्याचे बारा ग्रॅम; ते तळहातावर ठेवताच वजन जाणवते. दुसरी खूण अधिक निर्णायक : सोन्याच्या नाण्यावर गरुडाभोवती राष्ट्राचे नाव नसून ‘डॉइच बुंडेसबांक’ असे शब्द आहेत, आणि साल फक्त २००१. यांपैकी एखादी गोष्टही न जुळल्यास ते सोने नव्हे. सोनाराकडे कसोटीवर घासायला नेण्याची घाई करू नये, कारण नाणे खरे असेल तर त्या एका ओरखड्याने संग्राह्य मूल्य घटते.

१६. कडेवरची अक्षरे माझ्या एका नाण्यावर सुलटी आणि दुसऱ्यावर उलटी आहेत. ही टाकसाळीची चूक आहे का?

दोन आणि पाच मार्काच्या कडेवर ‘एकता, न्याय आणि स्वातंत्र्य’ अशा अर्थाचे जर्मन शब्द कोरलेले असतात. ते कोणत्याही दिशेने पडलेले असू शकतात आणि त्यात काही विशेष नाही. चूक म्हणजे वेगळेच शब्द असणे : १९५७ सालच्या जे अक्षराच्या काही पाच मार्कांवर त्याच वर्षीच्या आयशेनडॉर्फ स्मारक नाण्याची कडेवरची ओळ चुकून उमटली आहे, आणि ते अत्यंत दुर्मीळ मानले जाते.

दुसरी खरी चूक म्हणजे फिरलेला साचा. मार्काचे नाणे पुस्तकाचे पान उलटावे तसे डावीकडून उजवीकडे फिरवले, तर मागची बाजू सरळच दिसली पाहिजे. ती लक्षणीय तिरपी किंवा उलटी दिसली, तर काही संग्राहक थोडी अधिक किंमत देतात. किरकोळ ओरखडे, खळगे आणि चेपलेली कड या चुका नसून हाताळणीचे परिणाम आहेत.

१७. विक्रेते नाण्यापुढे ‘एसएस’, ‘व्हीझेड’ असे लिहितात. त्याचा अर्थ काय?

ती जर्मन दर्जांची संक्षिप्त रूपे आहेत. ‘एसएस’ म्हणजे बरेच हाताळलेले, पण तपशील स्पष्ट असलेले नाणे. ‘व्हीझेड’ म्हणजे अगदी थोडे वापरलेले, उंच भागांवरच किंचित झीज असलेले. ‘एसटी’ किंवा ‘एसटीजीएल’ म्हणजे चलनात न फिरलेले, साच्याची चकाकी शाबूत असलेले. आणि ‘पीपी’ म्हणजे संग्राहकांसाठी आरशासारख्या पार्श्वभूमीवर पाडलेले. त्याबरोबर ‘येगर ३८५’ असा क्रमांक आढळला, तर तो एक मार्काचा कॅटलॉगमधला क्रमांक समजावा.

एक मार्कावर झीज प्रथम गरुडाच्या छातीवरच्या पिसांवर आणि ओकच्या पानांच्या शिरांवर दिसते. नाणे दिव्याखाली तिरपे धरून हळूहळू फिरवावे. कोऱ्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्याप्रमाणे न तुटता गोल फिरतो. झिजलेल्यावर तो छातीपाशी येऊन मळकट होतो. हे डोळ्याला एकदा कळले की दर्जाबाबत विक्रेत्याच्या शब्दावर अवलंबून राहावे लागत नाही.

१८. नाणे काळवंडले आहे. विकण्यापूर्वी स्वच्छ करावे का?

करू नये. चिंच, लिंबू, पितांबरी, दात घासण्याची पेस्ट यांनी देवघरातली भांडी लखलखीत होतात आणि नाण्याचे वाटोळे होते, कारण या सर्वांनी वरचा थर घासला किंवा खाल्ला जातो, आणि प्रश्न १७ मधला प्रकाशाचा पट्टा कायमचा नाहीसा होतो. चांदीच्या पाच मार्कावर काळाने चढलेली करडी-निळसर छटा तर संग्राहकांना हवी असते. धूळ किंवा तेलकटपणा असेल, तर ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून मऊ सुती कापडाने न घासता टिपून घ्यावे. कोकणासारख्या दमट हवेत मऊ प्लास्टिकच्या पाकिटांमध्ये ठेवलेल्या नाण्यांवर हिरवट चिकट थर धरतो, म्हणून पीव्हीसी नसलेल्या पाकिटात नाणी ठेवावीत.

१९. एका माणसाने माझ्या एक मार्काचे पाच लाख देऊ केले, फक्त आधी ‘नोंदणी शुल्क’ मागितले आहे. पैसे भरावेत का?

मुळीच भरू नयेत; ही उघड फसवणूक आहे. खरा खरेदीदार विकणाऱ्याकडून कधीही आगाऊ रक्कम मागत नाही. रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट २०२१ मध्ये, तिचे नाव वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी शुल्क किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचे आवाहन केले होते, कारण बँक असे कोणतेही व्यवहार करत नाही. किंमत पडताळायची असेल, तर लिलावांच्या संकेतस्थळांवर मागितलेले भाव न पाहता प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचे भाव, तेही त्याच साल-अक्षर-दर्जाचे, पाहावेत. मागितलेला भाव कोणीही कितीही लिहू शकतो.

२०. नाण्यावर ‘डॉइचेस राइख’ असे आहे. ते याच मालिकेतले का?

नाही, ते जुन्या काळचे आहे. कैसरच्या साम्राज्यातले १८७३ ते १९१६ या सालांचे एक मार्क ९०० शुद्धतेच्या चांदीचे असून त्यात जवळपास ५ ग्रॅम शुद्ध चांदी आहे. बहुतेक साले धातूच्या मूल्याच्या थोडी वर जातात. १९३३ ते १९३९ चे एक राइखमार्क निकेलचे असल्यामुळे लोहचुंबकाला चिकटते आणि फार मौल्यवान नाही. यांपैकी काहीही आज बदलून मिळत नाही.

२१. नाण्यावर शिरस्त्राण घातलेला जर्मन सम्राट आहे, पण मूल्य ‘रुपी’ लिहिले आहे. हे कसे शक्य आहे?

ते जर्मन पूर्व आफ्रिकेचे, म्हणजे आजच्या टांझानियाच्या मुख्य भूभागाचे नाणे आहे. त्या किनाऱ्यावरचा व्यापार मुंबईशी जोडलेला असल्यामुळे तिथे भारतीय रुपयाच चालत असे, म्हणून जर्मनांनीही १८९० पासून आपले नाणे त्याच मापाचे काढले : ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि चांदीची शुद्धता आपल्या राणीछाप रुपयाइतकीच. सुरुवातीला एका रुपीचे चौसष्ट पेसा होत आणि तांब्याच्या पेसा नाण्यावर एका बाजूला अरबी लिपी आहे. १९०४ पासून शंभर हेलर झाले. नाविकांच्या आणि व्यापाऱ्यांच्या घरांत ही नाणी राणीछाप रुपयांच्या थैलीत मिसळलेली सापडतात आणि सराफ ती त्याच भावाने तोलून घेतो. तसे देऊ नयेत : अगदी झिजलेल्या रुपीचेही मूल्य धातूहून अधिक असते, आणि जर्मन संग्राहक त्यांच्या शोधात असतात.